पाच भागीदार आणि रेल्वेचा एक डबा

गेल्या मे महिन्यात आठ दिवस मोताळ्याला जाऊन आलो. ज्यांना मोताळा माहीत नाही (म्हणजे पुण्यातले जवळजवळ सगळेच) त्यांच्यासाठी: बुलढाणा जिल्ह्यातला तालुका, मलकापूर आणि बुलढाणा यांच्या मधोमध. मलकापूरला रेल्वेतून उतरायचं, एसटी पकडायची, घाट चढायच्या आधीच उतरायचं. राजूर घाट चढून गेलात तर बुलढाणा आलं, म्हणजे तुम्ही झोपलात आणि मोताळा मागे गेला. मे महिन्यात तिथे दुपारी बाहेर पडणं हा आत्महत्येचाच एक प्रकार. त्यामुळे दुपारभर कूलरसमोर बसून सिनेमे बघणे हा आमच्या घरचा जुना उद्योग. यंदा मी मुद्दाम एक जुना फ्रेंच सिनेमा घेऊन गेलो होतो. का, ते सांगायचं तर आधी 2007 सालात जावं लागेल.

28 सप्टेंबर 2007 ला 'जॉनी गद्दार' आला. त्याच आठवड्यात सोमवारी आपण ट्वेंटी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप जिंकला होता. सगळा देश धोनीच्या नावाने नाचत होता आणि सिनेमा बघायला कुणालाच सवड नव्हती. मी शनिवारी रात्रीचा शो बघितला. मोजून अकरा माणसं होती, त्यातले दोघं एसीत झोपायला आले होते. मी मात्र खुर्चीच्या टोकावर. पाच भागीदार प्रत्येकी पन्नास लाख काढतात, अडीच कोटी जमतात. पैसे घेऊन एक जण रेल्वेने बंगलोरला निघतो. आणि पाचातलाच सगळ्यात तरुण भागीदार ते पैसे वाटेत मारायचं ठरवतो. गद्दार कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असतं. प्रश्न 'कोण?' हा नाहीच, प्रश्न 'आता हा निस्तरणार कसं?' हा. नील नितीन मुकेशचा नायक म्हणून पहिला सिनेमा. धर्मेंद्र, विनय पाठक, झाकीर हुसेन, 'सीआयडी'तला दरवाजे तोडणारा दयानंद शेट्टी, आणि आपली अश्विनी काळसेकर. दिग्दर्शक श्रीराम राघवन, पुण्यात वाढलेला आणि आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. सुरुवातीलाच पडद्यावर अर्पणपत्रिका येते, विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना. मी म्हटलं वा! ऋण मान्य करणारा माणूस दिसतोय.

गल्ल्यावर सिनेमा पडला. पण ज्यांनी बघितला त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना. आज कुठल्याही सिनेमावेड्या माणसाला विचारा, तो 'जॉनी गद्दार'चं नाव असं घेईल की जणू पहिल्या दिवशी पहिल्या शोला तोच होता. त्या सगळ्यांनी खरंच तिकीट काढलं असतं तर निर्मात्याचं भलं झालं असतं. असो.

त्या दिवाळीत मी व्हीसीडी घेऊन मोताळ्याला गेलो. (तेव्हा व्हीसीडी. आणि भारनियमन. सिनेमा दोन हप्त्यांत बघावा लागला, मध्ये सहा तास वीज नव्हती.) काकांनी मध्यंतराच्या आतच जाहीर केलं, "हा तर परवाना हाये ना गा!"

काका म्हणत होते तो 'परवाना' 1971 चा, ज्योती स्वरूपचा. नायक नवीन निश्चल, आणि खुनी कोण, तर अमिताभ बच्चन. 'जंजीर'च्या दोन वर्षं आधी, अजून कुणी ओळखत नसतानाचा अमिताभ. त्यात तो रेल्वेच्या प्रवासाचा आडोसा करून खून करतो आणि मी तर गाडीत होतो म्हणून मोकळा राहू बघतो. काकांनी तो मलकापूरला जाऊन बघितला होता, येताना एका ट्रकच्या टपावर बसून आले होते. काकांचं म्हणणं खोटं नव्हतंच. 'जॉनी गद्दार'मध्ये एका टीव्हीवर चक्क 'परवाना' लागलेला दाखवलाय! म्हणजे राघवनने स्वतःच वर्गात कॉपी कुणाची केली ते हात वर करून सांगितलं. काका खूश. मी म्हटलं, तरी तुम्हाला सिनेमा आवडला ना? तर म्हणाले, "आवडला. पन मले त्यो रेल्वेचा डबा पाह्यवत नाही." त्यावेळी मी याचा अर्थ विचारला नाही.

आता फ्रेंच सिनेमाकडे. 'जॉनी गद्दार'चं मूळ बीज 1963 सालच्या एका फ्रेंच सिनेमात आहे हे मला बरंच उशिरा कळलं. नाव 'सिंफनी पूर अँ मासाक्र', म्हणजे 'कत्तलीसाठी सिंफनी'. दिग्दर्शक जाक दरे. कृष्णधवल. पाच भागीदार, मादक द्रव्यांचा सौदा, प्रत्येकाने आपला वाटा काढायचा, एकाने रोख रक्कम घेऊन रेल्वेने निघायचं, आणि ती रक्कम पोचत नाही. गद्दाराचं काम जाँ रोशफोरने केलंय, आणि या गद्दाराचं एका भागीदाराच्या बायकोशी प्रकरण आहे. (ओळखीचं वाटतंय ना?) म्हाताऱ्या भागीदाराच्या भूमिकेत शार्ल व्हानेल, जो 'वेजेस ऑफ फियर'मध्ये ट्रकमध्ये बसून घाबरतो तोच. शेवट मी सांगणार नाही. रहस्यपटाचा शेवट सांगणाऱ्याला मोताळ्यात पूर्वी मार पडायचा आणि ती प्रथा चांगलीच होती.

या सिनेमाची पटकथा तिघांची: दरे, क्लोद सोते आणि जोझे जिओव्हानी. जिओव्हानीने पाचातल्या एका भागीदाराचं कामही केलंय. हा जिओव्हानी म्हणजे स्वतःच एक सिनेमा आहे. खरं नाव जोसेफ दामियानी. युद्धानंतर एका टोळीने केलेल्या खुनांबद्दल 1948 साली त्याला फाशीची शिक्षा झाली होती. ती पुढे कमी झाली आणि 1956 मध्ये तो सुटला. तुरुंगात असताना सहकैद्यांबरोबर भुयार खणून पळायचा प्रयत्न केला होता, त्यावर बाहेर येऊन कादंबरी लिहिली, आणि तिच्यावर जाक बेकेरने 1960 मध्ये 'ल त्रू' काढला. तुरुंगावरचा इतका थंड आणि इतका खरा सिनेमा मी दुसरा बघितलेला नाही. फ्रेंच प्रेक्षक वर्षानुवर्षं त्याच्या कथांवर भाळले होते: चोरांमधली इमानदारी, मैत्रीखातर मरणारी माणसं, शब्दाला जागणारे गुंड. मग 1993 मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आलं की युद्धकाळात हाच माणूस जर्मनांना सामील झालेल्यांपैकी होता आणि लपून बसलेल्या ज्यूंना लुबाडण्यात त्याचा हात होता. आता सांगा, इमानदारीवरच्या त्या कथा कशा बघायच्या? मी 'ल त्रू' आधी बघितला आणि हे नंतर वाचलं. दुसऱ्यांदा बघताना भुयार खणणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून माझी नजर हटेना, पण वाक्यांवरचा विश्वास मात्र गेला होता. 'सिंफनी'चं तसं होत नाही. कारण त्यात इमानदारीची भाषाच नाही. पाचही जण एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलतात, चांगले सूट घालतात, आणि कुणाचाही कुणावर काडीचा विश्वास नाही. जिओव्हानीला जे आतून माहीत होतं ते त्याने इथे बहुधा न सजवता लिहिलं. हे माझं मत, पुरावा मागू नका.

1963 साली फ्रान्समध्ये गुन्हेपटांची नुसती गर्दी होती. मेलव्हिलचा 'ल दूलो', गाबँ आणि दलाँ या जोडीचा 'मेलोदी आँ सू-सोल' (जुगाराच्या अड्ड्यावरचा दरोडा), लोतनेरचा 'ले ताँताँ फ्लँग्यर', जो गुंडांची चेष्टा करतो आणि ज्याचे संवाद फ्रेंच लोक आजही पाठ म्हणतात. या रांगेत 'सिंफनी' मधल्या बाकावरचा विद्यार्थी. 'न्यू वेव्ह'वाल्या समीक्षकांच्या लाडक्या दिग्दर्शकांत दरे कधीच नव्हता. नीट बांधलेला, वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणारा सिनेमा काढणारा कारागीर, एवढीच त्याची किंमत. त्याला नाव मिळालं ते पुढे 'ला पिसीन' (1969) आणि बेलमाँदो-दलाँच्या 'बोर्सालिनो' (1970) ने. आमच्या क्षेत्रातही असे लोक असतात. त्यांचा कोड दहा वर्षं चालतो, कधी पडत नाही, म्हणून त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं.

आता यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट सांगतो. राघवनने सिनेमा अर्पण केला तो जेम्स हॅडली चेसला. चेस कोण? अमेरिकन गुंडांवर लिहिणारा इंग्रज. खरं नाव रेने ब्रॅबॅझॉन रेमंड, पुस्तकांच्या धंद्यातला लंडनचा माणूस. नकाशे आणि अमेरिकन बोलीचा शब्दकोश समोर ठेवून त्याने 1939 मध्ये 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' लिहिली. सहा वीकएंडमध्ये लिहिली असं सांगतात. (मी सहा वीकएंडमध्ये हा एक लेख लिहितोय.) जॉर्ज ऑर्वेलने 1944 मध्ये त्यावर निबंध लिहून तिची नैतिक सालटी काढली. इंग्रजांनी नाकं मुरडली, आणि फ्रेंचांनी काय केलं? 1945 साली पॅरिसच्या गालिमार प्रकाशनात मार्सेल द्युआमेलने 'सेरी न्वार' म्हणजे 'काळी मालिका' सुरू केली. तिच्या अगदी पहिल्या पुस्तकांत पीटर चेनी आणि आपले चेसभाऊ! या काळ्या पुस्तकांवर फ्रेंच लेखकांची एक पिढी पोसली. त्या पिढीच्या कादंबऱ्यांवर फ्रेंच गुन्हेपट निघाले. त्यातल्या एकाचं बीज घेऊन पुण्याच्या मुलाने मुंबईत सिनेमा काढला आणि तो परत चेसलाच अर्पण केला. याला म्हणतात गोल फिरून स्टार्टअप स्क्रीनवर येणं.

भारतात चेस पोचला तो रेल्वेनेच. स्टेशनवरचे ए. एच. व्हीलरचे बुकस्टॉल आठवतात? ही कंपनी 1877 साली अलाहाबादेत सुरू झाली, आणि ती सुरू करणाऱ्यांत एमिल मोरो नावाचा एक फ्रेंच माणूस होता. ('सिंफनी'मधल्या पाच भागीदारांपैकी एकाचं आडनावही मोरोच! निव्वळ योगायोग, पण मला असल्या योगायोगांनी उगाचच आनंद होतो.) भुसावळला गाडी थांबली की काका उतरून चेस घ्यायचे. इंग्रजी फारसं येत नव्हतं. मुखपृष्ठ बघून घ्यायचे आणि सुरेंद्र मोहन पाठकांनी केलेलं हिंदी भाषांतर मिळालं की मग वाचायचे. मुखपृष्ठावरची ती बाई पुस्तकात कुठेच भेटत नाही ही त्यांची तक्रार आजतागायत कायम आहे.

"पण मग ही चोरीच की!" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होतो. माझा एक जुना राग आहे या बाबतीत. पहिल्या नोकरीत मी चार महिने बसून लिहिलेलं एक मॉड्यूल दुसऱ्या टीमने उचललं, वरची माझ्या नावाची कॉमेंट खोडली आणि ग्राहकासमोर स्वतःचं म्हणून मांडलं. कोड तोच, फक्त नाव गायब. त्यामुळे 'प्रेरित' हा शब्द ऐकला की मला अजूनही आधी खोडलेली कॉमेंटच दिसते. पण मराठी माणसाने या बाबतीत फार तावातावाने बोलू नये. देवलांचं 'संशयकल्लोळ' घ्या. मूळ मोलिएरचं 1660 चं प्रहसन, त्यावरून इंग्रजीत आर्थर मर्फीने 'ऑल इन द राँग' केलं, आणि त्यावरून देवलांनी आधी 1893 मध्ये गद्य 'फाल्गुनराव' आणि मग 1916 मध्ये गाण्यांसकट 'संशयकल्लोळ'. आज कुणाला फाल्गुनराव फ्रेंच वाटतो? तो तर आपल्या गल्लीतला आहे, बायकोच्या हातातली तसबीर बघून जळणारा. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या अशा मराठीत आणल्या की वाचणाऱ्याला लंडनचा वाससुद्धा आला नाही. आणि उलट दिशेनेही गाडी गेलीये. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (1964), जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा, तो दोन वर्षांत हिंदीत 'मेरा साया' झाला. आज 'मेरा साया' सगळ्यांना माहीत, 'पाठलाग' किती जणांना?

म्हणजे उचलणं वाईट नाही, उचलल्यावर त्यात आपलं काय टाकलं हा प्रश्न. राघवनने पुढे हे जास्त मोकळेपणाने केलं. 'अंधाधुन' (2018) चं मूळ ओलिव्हिए त्रेनेरचा 'लाकॉर्दर' हा 2010 चा जेमतेम पाव तासाचा फ्रेंच लघुपट. आंधळा असल्याचं नाटक करणारा पियानो दुरुस्त करणारा माणूस, आणि नको ते डोळ्यांसमोर घडतं. राघवनने ते पुण्यात आणून बसवलं. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'रूपांतरित पटकथे'चा, म्हणजे सरकारदरबारी नोंदच झाली. त्या शेवटच्या सशावरून आमच्या ऑफिसात दोन गट पडले होते आणि एका डिप्लॉयमेंटला उशीर झाला होता हे मी शपथेवर सांगू शकतो. 'मेरी ख्रिसमस' (2024) पुन्हा फ्रेंच, फ्रेदेरिक दारच्या 1961 च्या 'ल मोंत-शार्ज' या कादंबरीवरून. या माणसाला फ्रेंचांनी आता रेशनकार्ड द्यायला हरकत नाही. आणि त्याच्या सिनेमांवरून दक्षिणेत आणखी सिनेमे निघाले ते वेगळेच. तमिळ 'जॉनी' (2018) आणि 'अंधाधुन'चा तमिळ अवतार 'अंधगन' (2024), दोन्हीत नायक प्रशांतच.

तर यंदा मे महिन्यात मी 'सिंफनी' लॅपटॉपवर घेऊन गेलो. टीव्हीला जोडला. प्रेक्षक: काका (आता पंचाहत्तरी उलटलेली), काकू, चुलतभाऊ आणि त्याचा दहावीतला मुलगा. खाली इंग्रजी अक्षरं, मी मोठ्याने मराठी करून सांगतोय. पूर्वी तंबूतल्या सिनेमात हिंदी न कळणाऱ्या म्हाताऱ्यांना शेजारचा पोरगा असंच सांगायचा म्हणे.

मतं अशी पडली. दहावीतल्या मुलाचं मत, पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही, हे लोक फक्त सिगारेटी ओढतायत. चुलतभाऊ म्हणाला 'जॉनी'च भारी, त्यात माणूस मेला की त्याच्या घरात काय होतं ते दाखवलंय. हे बरोबर आहे, आणि राघवनने टाकलेलं 'आपलं' म्हणजे हेच असं मला वाटतं. त्याच्या भागीदारांना घर आहे, बायको आहे, आई आहे. फ्रेंचांच्या भागीदारांना फक्त फ्लॅट आहेत. काकूंचं मत सगळ्यात नेमकं होतं: "या लोकायले पैशाची गरजच नाही. मंग काहून करून ऱ्हायले?" मी याचं उत्तर देऊ शकलो नाही आणि सिनेमाही देत नाही.

काका काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी अंगणात पाणी मारून झाल्यावर, खाटेवर बसून, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. घरात कुणी कधी काढत नसे अशी.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काकांनी आणि चार दोस्तांनी मिळून एक जुना ट्रक घ्यायचं ठरवलं होतं. पाच जण, पाच वाटे. काकांनी वाट्यासाठी एक बैलजोडी विकली. ट्रक मुंबईचा, पैसे रोख द्यायचे होते. पाचातला एक जण थैली घेऊन मलकापूरहून रात्रीच्या गाडीने निघाला. चौथ्या दिवशी रिकाम्या हाताने परत आला. सांगितलं, डोळा लागला, कसारा घाटाच्या सुमाराला जाग आली तर थैली नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. पोलिसांत गेले नाहीत, पण गावात व्हायचं ते झालं. त्याच्या घरचं पाणी बंद झाल्यासारखं झालं. बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. दोन वर्षांत तो बायको-मुलांना घेऊन सुरतेकडे निघून गेला, परत आला नाही. बाकी चौघं मात्र शेवटपर्यंत एकमेकांच्या घरच्या लग्नांत पंगतीला शेजारी बसले. त्यातले तिघे आता नाहीत.

"आमी त्याच्यावरच आळ घेतला," काका म्हणाले. "थैली कोनत्या गाडीनं, कोनत्या डब्यात चालली हे तं आमा पाचायलेच ठाऊक व्हतं ना. बाकीच्या चौघायकडं कुनी पाह्यलंच नाही. म्याही नाही पाह्यलं."

मी म्हटलं, काका, खरंच चोरी झाली असेल, रात्रीची गाडी ती. ते म्हणाले, असंल. मग म्हणाले, 'परवाना' पाहिला तेव्हा हे घडायचं होतं, तेव्हा नुसती मजा आली. 'जॉनी' पाहिला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. पण त्यात तो शिवा चांगला माणूस आहे हे आधीच दाखवून ठेवलंय, म्हणून रडू येतं आणि विसरायला होतं. याच्यात तसं काहीच नाही. सगळे सारखेच दिसतात. कुणाच्या तोंडावरून काही समजत नाही. "खरं असंच अस्ते," म्हणाले.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला लॅपटॉप पुन्हा लावायला सांगितला. पूर्ण नको म्हणाले, सुरुवातीचं तेवढं दाखव, ते पाचही जण एकत्र येतात तिथपर्यंत. मी लावून दिलं. भाषांतर करायला लागलो तर हाताने थांब म्हणाले. आवाजही बंद करायला लावला. चष्मा पुसून ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि एकेका चेहऱ्याशी मला थांबवायला सांगू लागले.